फिनियन, फिनबार, विनिन, निनियन: हे संत एक की अनेक?

कावेरी_कॉर्क

नमस्कार मंडळी. प्रश्न सहाव्या शतकातल्या आयर्लंडचा आहे. पण इथे संतवाङ्मय वाचणारे, जुन्या पोथ्यांत रमणारे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते.

कॉर्क शहराचा पालक संत फिनबार. इथलं कॅथेड्रल त्याच्या नावाचं, विद्यापीठाचं बोधवाक्यही त्याच्यावरूनच घेतलेलं: जिथे फिनबारने शिकवलं तिथे मन्स्टरने (म्हणजे इथल्या प्रांताने) शिकावं. ली नदीच्या उगमाशी गूगन बॅराचं तळं आहे, त्यातल्या बेटावर तो राहिला असं मानतात. त्याचा दिवस २५ सप्टेंबर.

आता पुढची यादी पाहा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं बेट, तिथला संत बार, त्याचाही सण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच. आयर्लंडच्या उत्तरेला डाउन परगण्यात मोव्हिलाचा फिनियन, मृत्यू ५७९, दिवस १० सप्टेंबर. मीथ परगण्यात बॉयन नदीजवळ क्लोनार्डचा फिनियन, ५४९च्या साथीत गेला, दिवस १२ डिसेंबर. स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये किलविनिंग गाव, म्हणजे विनिनचं चर्च. आणि नैऋत्य स्कॉटलंडमध्ये व्हिटहॉर्नचा निनियन, दिवस १६ सप्टेंबर.

काही अभ्यासक म्हणतात, यातले बरेचसे मिळून मुळात एकच माणूस. मला हे पटायला जड जातं. कॉर्कची माणसं इतकी शतकं ज्याला आपला म्हणत आली, तो दुसऱ्याच गावचा होता हे निव्वळ नावाच्या साम्यावरून कसं ठरवायचं? 'फिन' म्हणजे गोरा, उजळ. अशा देशात या नावाची माणसं दर गावात निघणारच की! जाणकारांनी लिहावं.

शेवंता

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

जुनीपोथी

कावेरीताई, विषय माझ्या आवडीचा काढलात, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी नावं कशी बनत ते पाहू, कारण सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. जुन्या आयरिश मठांत संताचं पूर्ण नाव क्वचितच तोंडी असे. लाडाचं नाव चाले. ते करायच्या रीती ठरलेल्या होत्या: मागे 'आन' किंवा 'ओक' लावायचं, पुढे 'मो' म्हणजे 'माझा' जोडायचा, कधी हे सगळं एकदम करायचं. 'एड' हे साधं नाव घ्या. त्याचं एडान होतं. 'मो' आणि 'ओक' दोन्ही लावले की मेडोक होतं, आणि पुढे बोलण्यात झिजून मोग. फर्न्सचा संत एडान आणि फर्न्सचा संत मोग हा एकच माणूस आहे, यावर कुणाचा वाद नाही. एनिस्कॉर्थीचं मोठं कॅथेड्रल एडानच्या नावाचं, आणि त्याच वेक्सफर्ड परगण्यात मुलांची नावं मोग ठेवत. बाहेरच्या माणसाला वाटेल दोन संत आहेत.

आता फिन. 'फिनबार' म्हणजे उजळ माथ्याचा. त्याचे दोन तुकडे उलटे लावले की 'बारफिन' होतं. नुसता मागचा तुकडा घेतला की बार, बारे. नुसता पुढचा घेऊन लाड केला की फिनियन. म्हणजे तुमच्या यादीतली पहिली चार नावं भाषेच्या दृष्टीने एकाच माणसाला सहज लागू शकतात. 'शकतात' एवढंच म्हणतोय.

पण एक पुरावा असा आहे की तिथे 'शकतात'च्या पुढे जाता येतं. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरचा मठाधिपती अडोम्नान याने सातव्या शतकाच्या अखेरीस त्या मठाच्या संस्थापकाचं, संत कोलंबाचं, चरित्र लिहिलं. त्यात कोलंबाच्या गुरूचा, एका बिशपचा, उल्लेख येतो. अडोम्नान त्याच बिशपला एका जागी फिनबार म्हणतो, दुसऱ्या जागी फिनियो, आणि विनियन हे रूपही वापरतो. लेखक एक, पुस्तक एक, माणूस एक, नावं तीन. त्याला यात काही विसंगती वाटत नाही, वाचकांनाही वाटणार नाही याची त्याला खात्री आहे. तेव्हा नाव वेगळं म्हणून माणूस वेगळा, हा युक्तिवाद तरी आयर्लंडच्या बाबतीत चालत नाही.

पाद्रिग ओ रिआन या कॉर्कच्याच अभ्यासकाने १९७७मध्ये मांडलं की कॉर्कचा फिनबार म्हणजे मोव्हिलाच्या फिनियनचीच भक्ती दक्षिणेत येऊन रुजलेली. हे मत कॉर्कमध्ये बसून मांडायला धैर्य लागतं, म्हणून मला त्यांचं विशेष वाटतं.

चहाबाज

माझा-एड-लाडका = मेडोक. हे फार गोड आहे. आजपासून माझा भाचा मोअद्वैतोक.

कावेरी_कॉर्क

जुनीपोथी, उत्तम प्रतिसाद. पण अडोम्नानचा बिशप तीन नावांचा होता यावरून एवढंच कळतं की त्या एका माणसाला तीन नावं होती. कॉर्कमध्ये दुसरा फिनबार नव्हताच हे त्यातून कुठे निघतं?

मंदार_ग्लासगो

माझा रस यादीतल्या शेवटच्या नावात, निनियनमध्ये आहे. इथे स्कॉटलंडमध्ये तो फार मोठा संत. मिशनरी म्हणून त्याचं नाव आयोनाच्या कोलंबाच्याही आधी घेतात. पोप बेनेडिक्ट सोळावे २०१०मध्ये स्कॉटलंडला आले तेही १६ सप्टेंबरला, निनियनच्या दिवशी.

त्याच्याबद्दल सर्वांत जुना उल्लेख बीड या मठवासी इतिहासकाराचा, ७३१मधला. बीड सांगतो की 'निनिया' नावाच्या ब्रिटन (वेल्श लोकांच्या पूर्वजांपैकी) बिशपने दक्षिणेकडच्या पिक्ट लोकांना (स्कॉटलंडच्या तेव्हाच्या रहिवाशांना) धर्म दिला आणि व्हिटहॉर्नला दगडी चर्च बांधलं, ज्याला 'पांढरं घर' म्हणत. त्याच शतकात त्याच्या चमत्कारांवर लॅटिन काव्य झालं. बाराव्या शतकात रीव्होच्या एलरेडने सविस्तर चरित्र लिहिलं. एवढी परंपरा.

मग २००१मध्ये ग्लासगोचे थॉमस ओवेन क्लॅन्सी यांनी लिहिलं की निनिया नावाचा माणूस झालाच नाही. मूळ नाव 'विन्नियाउ'. हे फिनियनचंच ब्रिटन लोकांच्या भाषेतलं रूप. जिथे आयरिश भाषेत 'फ' येतो तिथे वेल्शच्या पूर्वज भाषेत 'व'सारखा उच्चार राहिला, आणि शेवटचा 'इयाउ' हा त्यांचा लाडाचा प्रत्यय. लॅटिनमध्ये हा 'व' लिहायचा तर 'यू' अक्षर वापरत. आता त्या काळच्या हस्तलिखितात 'यू' आणि 'एन' ही दोन्ही अक्षरं दोन उभ्या दांड्यांची. वरच्या बाजूने जोडल्या तर एन, खालच्या बाजूने जोडल्या तर यू. बोरूचं टोक बोथट असलं किंवा लिहिणारा घाईत असला तर ती जोडरेघ दिसतच नाही, उरतात फक्त दोन दांड्या. नकलाकाराला ते नाव ओळखीचं नसेल तर त्याने 'विन्नियाउ'चं 'निन्नियाउ' वाचलं, आणि तिथून निनिया.

कुणाला हे ओढूनताणून वाटेल म्हणून सांगतो: आयोना बेटाचं नावही असंच झालं आहे. अडोम्नानने लिहिलं होतं 'इओवा' बेट, 'यू' घालून. नंतरच्यांनी 'एन' वाचलं. आज सगळं जग त्या बेटाला ज्या नावाने ओळखतं ते नाव एका वाचनदोषातून आलं आहे. बेटाचं होऊ शकतं तर संताचं का नाही?

चहाबाज

'बीड सांगतो' वाचून क्षणभर वाटलं मराठवाड्यातून कुणी माहिती दिली. :)

गार्गी_अ

मंदार, आयोनाचं उदाहरण दमदार आहे, पण दोन गोष्टींत फरक करायला हवा. बेट स्वतःचं नाव सांगत नाही. व्हिटहॉर्नला तर आठव्या शतकात जिवंत मठ होता, बिशप होता, संताची समाधी होती. तिथले भिक्षू रोज प्रार्थनेत आपल्या संताचं नाव घेत असणार. बीडला माहिती तिथूनच मिळाली असण्याचा संभव जास्त. दूरच्या नकलाकाराने चूक केली म्हणून समाधीवर बसलेल्या माणसांनी आपल्या संताचं नाव बदलून घेतलं, असं मानायचं? मला अशक्य वाटतं. नावाचा जप तोंडी असतो, कागदावरून वाचून नव्हे.

मंदार_ग्लासगो

गार्गी, आक्षेप रास्त आहे आणि क्लॅन्सींच्या मताला विरोध करणारे साधारण याच मुद्द्यावर बोट ठेवतात. त्यावर असं म्हणता येतं की बीडच्या काळचा व्हिटहॉर्नचा मठ नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या राज्यातल्या इंग्रजांच्या ताब्यात होता. बिशपची गादीही त्यांनी नुकतीच घातलेली. त्यांची भाषा वेगळी, स्थानिक परंपरेशी नाळ नाही. त्यांना संत कळला तो बहुधा लिखाणातून. जुन्या वस्तीच्या लोकांच्या तोंडी मात्र विनिन, फिनियन चालूच राहिलं, म्हणून तर किलविनिंगसारखी गावांची नावं सापडतात. उलट निनियनच्या नावाची जुनी गावं शोधायला जा, हाती काही लागत नाही. त्याच्या नावाची चर्चं, विहिरी, सगळं बाराव्या शतकाच्या अलीकडचं, एलरेडचं चरित्र गाजल्यानंतरचं. खरोखर एवढा मोठा मिशनरी असता तर आसपासच्या मुलखात नावाचा मागमूस राहिला असता.

गार्गी_अ

राज्य बदललं, मठाधिपती बदलले हे ठीक. पण शेतात राबणारी, समाधीला नवस बोलणारी माणसं तीच होती ना? ती रोज दारात येत होती. मठातल्या कुणीच कधी ऐकलं नाही? इथे मी अडते.

पापडी_वसई

मी कॅथलिक, वसईची. तारखांबद्दल थोडं लिहावंसं वाटलं. कावेरी, तू प्रत्येकाचा वेगळा दिवस दिला आहेस आणि वाचणाऱ्याला वाटतं की दिवस वेगळा म्हणजे माणूस वेगळा. संताचा सण साधारण मृत्यूच्या दिवशी धरतात, कारण तो त्याचा स्वर्गातला जन्म. पण तो एकच दिवस असेल असं नाही. अवशेष एका जागेहून दुसऱ्या जागी नेले तो दिवस, चर्चचं समर्पण झालं तो दिवस, हेही सण होतात. आमच्याकडेसुद्धा चर्चचा सण सोयीच्या रविवारी धरला जातो. मूळ गावापासून दूर गेलेल्या माणसांनी आपल्या संताचं चर्च बांधलं, समर्पणाचा दिवस धरला, आणि दोन पिढ्यांनी तो दिवसच खरा वाटू लागला, हे मला सहज घडण्यासारखं वाटतं. मग यादी करणारा येतो, त्याला एका नावापुढे दोन तारखा दिसतात, आणि तो दोन संत लिहितो.

आणि समाध्यांबद्दल म्हणाल तर वेल्सच्या संत तेलोची कथा ऐका. तो गेल्यावर तीन चर्चांमध्ये देहावरून भांडण लागलं: लँडाफ, लँडेलो आणि पेनॅली. रात्रभर प्रार्थना केली, सकाळी पाहतात तर सारखे तीन देह! प्रत्येकाने एक नेला. लोकांनी भांडण मिटवायची किती प्रेमळ वाट काढली आहे! त्यांना एका संताच्या तीन समाध्या चालत होत्या.

शेवंता

तेलोची कथा सुंदर. धन्यवाद पापडीताई.

टिपणवही

कोलमानचा उल्लेख अजून कसा आला नाही? 'कोलम' म्हणजे कबूतर, त्याचं लाडाचं कोलमान. आयरिश संतांच्या याद्यांत कोलमान शेकड्यांनी आहेत. लिस्मोरच्या संत मोखुदाच्या मठातली गोष्ट प्रसिद्ध आहे: भिक्षू ओढ्याकाठी काम करत होते, कुणीतरी हाक मारली, "कोलमान, पाण्यात उतर!" आणि बारा जणांनी उड्या टाकल्या.

म्हणजे कावेरीताईंचा मुद्दा बरोबर आहे. एकाच मठात, एकाच वेळी, एकाच नावाचे बारा. नाव सारखं म्हणून माणसं एकत्र करायला निघालात तर या बारांचा एकच होईल.

चहाबाज

बाराही जण उतरले यातच मठाची शिस्त दिसते. आमच्या हापिसात तीन संदीप आहेत, हाक मारली की तिघेही 'दुसरा असेल' म्हणून बसून राहतात.

जुनीपोथी

टिपणवही, गोष्ट नेमक्या जागी आणलीत. त्यात भर: क्लोनार्डच्या फिनियनचे बारा थोर शिष्य 'आयर्लंडचे बारा प्रेषित' म्हणून ओळखले जातात. त्या बारांत दोन कीरान (सायरचा आणि क्लोनमॅकनॉइजचा), दोन ब्रेंडन (बरचा आणि क्लोनफर्टचा), दोन कोलंबा (आयोनाचा आणि टेरीग्लासचा). बारांपैकी सहा जण जोडीजोडीचे! आणि मध्ययुगातल्या आयरिश पंडितांनाही हा घोळ जाणवत होता. बाराव्या शतकातल्या 'लेन्स्टरच्या ग्रंथा'त एकाच नावाच्या संतांची वेगळी यादीच केलेली आहे. म्हणजे आपण आज इथे जे करतोय ते काम त्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं.

सुलभा_दादर

अवांतर: गावदेवीला सेंट कोलंबा शाळा आहे, स्कॉटिश मिशनऱ्यांची. दिल्लीत सेंट कोलंबाज आहे, ती आयरिश ब्रदर्सची. दोन्ही एकाच कोलंबाच्या नावाच्या का? आणि कोलंबानुस तो कोण?

जुनीपोथी

सुलभाताई, दोन्ही शाळा आयोनाच्या कोलंबाच्या. ५६३मध्ये आयर्लंडहून आयोनाला गेला, ९ जून ५९७ला वारला. आयरिश आणि स्कॉटिश दोघेही त्याला आपला मानतात, म्हणून दोन वेगळ्या मिशनांनी तेच नाव दिलं. कोलंबानुस वेगळा. तो युरोपच्या मुख्य भूमीवर गेला, फ्रान्समध्ये लक्सय आणि इटलीत बोब्बियो इथे मठ स्थापले, ६१५मध्ये बोब्बियोत वारला. गंमत म्हणजे तो स्वतःला 'कोलंबा'च म्हणवून घेई. समकालीन, दोघेही आयरिश, दोघेही मठ स्थापणारे, नाव एकच. तरी यांना कुणी एक करत नाही, कारण दोघांची आयुष्यं स्वतंत्रपणे, जवळच्या काळातल्या माणसांनी लिहून ठेवली आहेत आणि कोलंबानुसची तर स्वतःची पत्रं शिल्लक आहेत. पुरावा असला की नाव अडचण करत नाही.

इंद्रायणीकाठ

हे सगळं वाचताना ज्ञानोबा माउली आठवल्याशिवाय कशी राहतील? ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, ज्ञानोबा, ज्ञानबा, आणि अभंगात 'ज्ञाना'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये लेख लिहिले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे. त्यांचे मुद्देही पोथीतलेच होते: ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची नवी, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही, अभंगांत तोच तो. वारकऱ्यांना ते मानवणं शक्य नव्हतं. भिंगारकरबुवांनी त्यांना उत्तर दिलं.

माझं म्हणणं असं की बाहेरून येणारा नावांच्या रूपांकडे पाहतो आणि आतला माणूस परंपरेकडे. गाथेची भाषा शतकानुशतकं गाणाऱ्यांच्या तोंडी बदलत गेली असेल तर भाषेवरून माणसं मोजणं धोक्याचं. आयर्लंडलाही हेच लागू होत असावं.

गार्गी_अ

इंद्रायणीकाठ, भारद्वाजांचं उदाहरण समर्पक आहे, पण दिशा उलट आहे हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे एकाचे दोन करण्याचा प्रयत्न झाला. ओ रिआन, क्लॅन्सी अनेकांचा एक करतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२ असा ग्रंथातच दिला आहे. फिनबारच्या बाबतीत असं काहीच नाही. त्याचं चरित्र त्याच्यानंतर सहाशेएक वर्षांनी लिहिलं गेलं. मधल्या काळात परंपरा जपली गेली की घडवली गेली, हे 'आतल्या माणसा'लाही सांगता येणार नाही.

निळीगाय

अनेकांचा एक होण्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण कॉर्नवॉलच्या पिरानचं. कथील खाणकामगारांचा संत, काळ्यावर पांढरा क्रूस हा कॉर्नवॉलचा झेंडा त्याचाच, दिवस ५ मार्च. दंतकथा अशी की आयर्लंडमध्ये लोकांनी त्याला गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात ढकललं आणि तो त्याच दगडावर तरंगत कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागला.

आयरिशमध्ये जिथे 'क' असतो तिथे कॉर्निशमध्ये पुष्कळदा 'प' येतो. ही गोष्ट मध्ययुगात कुणाच्या तरी ध्यानात आली. मग सायरचा कीरान म्हणजेच आपला पिरान, असं ठरलं. कीरानचं आयतं चरित्र घेतलं, नाव तेवढं बदललं, झालं पिरानचं चरित्र! ५ मार्च हा दिवसही कीरानचाच आहे. आज अभ्यासक दोघांना वेगळे मानतात. म्हणजे कॉर्नवॉलच्या खऱ्या पिरानबद्दल जे काही लोकांना ठाऊक असेल ते त्या उसन्या चरित्राखाली गाडलं गेलं. त्याचं पेरनपोर्थजवळचं प्रार्थनाघर वाळूखाली गाडलं गेलं होतं ते वेगळंच. ते १९८०मध्ये जपणुकीसाठी मुद्दाम पुरून ठेवलं होतं, २०१४मध्ये पुन्हा उघडलं. घर मिळालं, माणूस मात्र मिळाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावांची समीकरणं मांडणाऱ्यांनी पिरानला विसरू नये. ध्वनिनियम बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा होता.

टिपणवही

निळीगाय +१. शेवटचं वाक्य अगदी पटलं.

शेवंता

ब्रिजिटबद्दलही कुणी लिहा ना. वेल्समध्ये ती फ्रेड होते, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटला ब्राइड होते, असं वाचलं होतं.

कावेरी_कॉर्क

शेवंता, हो, तीच किल्डेअरची ब्रिजिट. १ फेब्रुवारी तिचा दिवस. २०२३पासून इथे तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी मिळते. तिच्यावर वेगळा धागा हवा, कारण त्याच नावाची जुनी देवीही आहे आणि तो वाद याहून मोठा होईल.

आता मूळ प्रश्नाकडे. सगळं वाचून माझं मत थोडं नेमकं झालं आहे, बदललेलं नाही. मोव्हिलाचा फिनियन, किलविनिंगचा विनिन हे एक असावेत हे मी मान्य करते. समुद्र ओलांडून जाणं तेव्हा रोजचं होतं, मधला पट्टा अरुंद आहे. पण कॉर्क दुसऱ्या टोकाला आहे. ओ रिआन म्हणतात भक्ती उत्तरेतून आली. मग आणणारे कोण, ते इथे का स्थिरावले, हे मला नीट उमगत नाही. मठ होता हे नक्की. मठ कुणीतरी स्थापला. त्या कुणाचं तरी नाव बारे असायला हरकत काय?

जुनीपोथी

कावेरीताई, हरकत काहीच नाही. पण मी ज्या क्रमाने विचार करतो तो सांगतो, मग तुम्ही ठरवा.

या सगळ्या फिन मंडळींत एक जण असा आहे की ज्याच्या जगण्याचा पुरावा त्याला ओळखणाऱ्या पिढीचा आहे. कोलंबानुसने साधारण ६००च्या सुमारास पोप ग्रेगरी यांना पत्र लिहिलं. त्यात तो विचारतो की अधिक कठोर व्रतासाठी मठ सोडून जाणाऱ्या भिक्षूंचं काय करावं, आणि सांगतो की हाच प्रश्न 'वेन्नियान' याने गिल्डास या ब्रिटन धर्मपंडितांना विचारला होता आणि गिल्डासनी फार सुंदर उत्तर दिलं होतं. दुसरं, याच नावावर प्रायश्चित्तांची एक लॅटिन संहिता आहे, आयर्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी. कोलंबानुसने स्वतःची संहिता करताना तिचा आधार घेतला. तिसरं, ५७९च्या नोंदीत अल्स्टरचे इतिवृत्तकार मोव्हिलाच्या बिशपचं नाव आयरिश पद्धतीने न लिहिता 'विन्नियान' असं लिहितात. तिन्ही ठिकाणी 'व'. आयरिश माणसाचं नाव आयरिश लेखक 'फ'ने लिहितील. 'व' राहिला याचा अर्थ हा माणूस बहुधा ब्रिटन होता, बाहेरून येऊन आयर्लंडमध्ये शिकवत होता.

ती संहिता वाचली की माणूस समोर उभा राहतो. एखाद्याने शेजाऱ्याला मारायचा मनात बेत केला तर धर्मगुरूला सहा महिने भाकरी-पाण्यावर राहायचं प्रायश्चित्त, आणि साध्या संसारी माणसाला फक्त आठवडाभर. कारण दिलं आहे: तो या जगाचा माणूस, म्हणून इथे त्याचा दोष हलका, आणि परलोकातलं फळही कमी. किती समजून केलेला हिशेब आहे! अशा गुरूची कीर्ती पसरली, शिष्य गावोगावी गेले, प्रत्येकाने आपल्या बोलीत त्याचं नाव घेतलं, यात मला काहीच अवघड वाटत नाही.

आता कॉर्क. फिनबारचं चरित्र बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासचं. त्याआधी काय घडलं होतं? ११११मध्ये राथ ब्रेसिलच्या धर्मसभेत आयर्लंडचे बिशपांचे इलाखे आखले गेले. कुठलं चर्च कुणाच्या ताब्यात, कुठली जमीन कुणाची, हे प्रश्न ऐरणीवर आले. अशा वेळी संताचं चरित्र हे दस्तऐवजाचं काम करतं: आमचा संत अमुक गावी गेला, तिथल्या सरदाराने त्याला जमीन दिली, म्हणून ती आमची. कॉर्कच्या चरित्रात संत ज्या गावांतून फिरतो ती गावं पाहिली की लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते कळतं. त्या चरित्रातून सहाव्या शतकातला माणूस काढता येत नाही, तेराव्या शतकातलं कॉर्क मात्र छान दिसतं.

म्हणून माझा कौल: मोव्हिलाचा फिनियन, कोलंबाचा गुरू, संहितेचा विनियन आणि किलविनिंगचा विनिन, हे एक. क्लोनार्डचा फिनियन वेगळा धरावा. त्याला मोव्हिलात विलीन करणारे आहेत, पण ५४९ची नोंद मला सोडवत नाही. निनियनबद्दल मी क्लॅन्सींच्या बाजूला झुकतो, गार्गींचा आक्षेप मनात ठेवून. आणि कॉर्कचा फिनबार भक्तीच्या रूपाने मोव्हिलाचाच.

गार्गी_अ

क्लोनार्ड वेगळा धरता आणि कॉर्क एक करता, यात मला मोजमाप दोन वाटतात. ५४९ची नोंद मोव्हिलाच्या नोंदीपेक्षा विश्वासार्ह का? साथीच्या वर्षात थोर माणसांचे मृत्यू मागाहून घालण्याची सवय त्या इतिवृत्तांना होतीच.

जुनीपोथी

गार्गी, क्लोनार्डच्या बाजूने माझ्याकडे नोंदीखेरीज त्याची शिष्यपरंपरा आहे. क्लोनमॅकनॉइजसारखे मोठे मठ स्वतःला तिथून आलेले मानत. आपला मूळ गुरू दुसऱ्या कुणाचा म्हणून कमी करून घेण्यात त्यांना काही लाभ नव्हता. पण हे निर्णायक नाही, मान्य.

पापडी_वसई

मला विचाराल तर कावेरीच्या बाजूने एक मुद्दा राहतो. भक्ती बाहेरून आली हे खरं धरलं तरी इतकी वर्षं कॉर्कमध्ये ज्याला हाक मारली, ज्याच्या नावाने मुलं वाढली, तो कॉर्कचाच. तिथे तो जन्माला आला नसेल, रुजला तिथेच.

कावेरी_कॉर्क

पापडीताई, मनापासून आभार. जुनीपोथी, जमिनींचा मुद्दा मला नवा आहे. चरित्रातली गावं नकाशावर लावून पाहते आणि पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. कुठल्या गावांवरून तेव्हा खरोखर तंटे होते ते ताडून पाहता आलं तर तुमचं म्हणणं तपासता येईल.

मंदार_ग्लासगो

नकाशा नक्की टाक. मी व्हिटहॉर्नला जाणार आहे, तिथल्या संग्रहालयात पाचव्या शतकातला लॅटिनस शिळालेख आहे, तिथे इतक्या जुन्या काळी ख्रिस्ती वस्ती होती याचा पुरावा. फोटो आणतो. गार्गी, समाधीच्या जागेबद्दल उत्खननात काय हाती आलं तेही विचारून येतो.

सुलभा_दादर

सप्टेंबरअखेर मुलीकडे डब्लिनला जाणार आहे. गूगन बॅराला काही सोहळा असतो का? बसने जाता येईल?

कावेरी_कॉर्क

सुलभाताई, असतो. २५ सप्टेंबरच्या लगतच्या रविवारी, त्याला 'गूगन संडे' म्हणतात. बेटावर छोटं चर्च आहे, शेजारी जुन्या ओवऱ्यांचे अवशेष, लोक एकेका ओवरीशी थांबत प्रार्थना म्हणतात. बसचा भरवसा धरू नका, कॉर्कपर्यंत रेल्वेने या, पुढे मी गाडीने नेते. रेनकोट आणि जाड मोजे न विसरता आणा. व्यक्तिगत निरोप पाठवते.